वारंटी सरली, आता काय?

वैशाख सरत आला होता. वर्ध्याकडचे ऊन कसे असते ते वाचकांना समजावून सांगायला नको. पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की घराच्या भिंतीसुद्धा रात्री अकरापर्यंत धगधगत राहतात. अशाच एका दुपारी देवळी तालुक्यातल्या एका नात्यातल्या घरी माझे जाणे झाले. पाणी आले ते माठातले. गार होते, गोड होते. पण तांब्या पुढे करताना सुनेचा चेहरा उतरलेला दिसला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फ्रीज उभा होता. दार सताड उघडे, आत काही नाही, आणि डोक्यावर कांद्याची टोपली. चालता फ्रीज असा कोणी ठेवत नाही.

विचारले तेव्हा कळले की तो बंद पडून आठ दिवस झाले. दूध नासत होते, भाजी सुकत होती, ते एक वेळ चालून गेले असते. पण सासूबाईंना साखरेचा आजार. त्यांच्या इन्शुलिनची बाटली थंड जागी ठेवावी लागते, आणि ती आता शेजारच्या घरच्या फ्रीजमध्ये होती. “दोन टाइम लोकाइच्या दारात जाऊन आपलं औषध मांगा लागते व बाई,” सासूबाई म्हणाल्या. त्यात सुनेला टोमणा नव्हता, पण तिने मान खाली घातली. कारण फ्रीज तिच्या आंदणातला. वडिलांनी कापूस विकून यवतमाळच्या बाजारातून फाल्गुनात घेतलेला, आणि लग्न झाले ते वैशाखात. मधले दोन महिने खोक्यातच पडून होता. सुनेच्या हिशेबाने फ्रीजला वर्ष नुकतेच झाले होते. बिलाच्या हिशेबाने चौदा महिने.

दुकानदाराला फोन केला तर त्याचे उत्तर तयार होते. “वारंटी सरली जी. आता काई होत नाई.” गावातला मेकॅनिक येऊन पाहून गेला. कॉम्प्रेसर गेला म्हणाला, सात हजार लागतील म्हणाला. “सात हजार म्हंजे क्विंटलभर कापूस झाला ना,” मामाजी ओसरीवरून बोलले, आणि पुन्हा गप्प झाले.

मी सुनेला म्हटले, बिल आणि कार्ड आण बघू. ते ट्रंकेत, साड्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. कार्ड इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढे. पहिल्या ओळीत लिहिले होते, संपूर्ण फ्रीजला एक वर्ष. दुसऱ्या ओळीत लिहिले होते, कॉम्प्रेसरला दहा वर्षे. चौदा महिन्यांत ती दुसरी ओळ त्या घरात कोणी वाचली नव्हती, आणि दुकानदाराने ती सांगितली नव्हती.

असे किती घरांत होत असेल! फ्रीजच्या कॉम्प्रेसरला, धुलाई यंत्राच्या मोटरला पुष्कळदा वेगळी आणि लांब मुदत दिलेली असते. सरकारी योजनेतल्या सौर कृषी पंपाला पाच वर्षे दुरुस्तीची हमी असते, आणि सौर पॅनेलची मुदत तर त्याहूनही पुष्कळ लांब. म्हणून वस्तू बंद पडली की पहिले काम हे, की कार्ड शोधावे आणि ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. स्वतःला इंग्रजी येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यावे. मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्या. पहिल्या वर्षानंतर बहुधा फक्त तो भाग फुकट मिळतो. गॅस भरणे, मजुरी आणि नेण्या-आणण्याचा खर्च आपल्याच अंगावर पडतो. तेही कार्डात लिहिलेले असते.

आता कार्डात दुसरी ओळ नाहीच, आणि एक वर्षाची मुदत खरोखरच संपली आहे, असे धरून चालू. मग काय? बहुतेक लोक इथे हात टेकतात. त्यांना वाटते, मुदत संपली की आपला हक्कही संपला. ही समजूत अर्धी खरी आणि अर्धी खोटी आहे, आणि खोट्या अर्ध्यामुळे आपले नुकसान होते.

वारंटी म्हणजे कंपनीने आपणहून दिलेला शब्द. अमुक दिवसांत काही बिघडले तर काही न विचारता दुरुस्त करून देऊ, एवढाच त्याचा अर्थ. त्या शब्दाची मुदत कंपनी ठरवते. पण त्या शब्दाच्या खाली कायद्याचा एक वेगळा शब्द असतो, तो कंपनीने छापलेला नसतो. आपल्याकडे १९३० सालापासून मालविक्रीचा कायदा आहे. गिऱ्हाइकाने कोणत्या कामासाठी वस्तू घेतली हे विकणाऱ्याला ठाऊक असेल आणि गिऱ्हाईक त्याच्या जाणकारीवर विसंबले असेल, तर ती वस्तू त्या कामाला लायक असली पाहिजे, ही अट कागदावर लिहिली नसली तरी धरली जाते. पुढे पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि गिऱ्हाइकालाही काही बोलता येते हे महाराष्ट्रात हळूहळू रुजले. १९८६ साली देशाचा ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या करताना म्हटले आहे की उघड कराराने किंवा गृहीत धरलेल्या कराराने जो दर्जा राखायला हवा त्यात उणेपणा असेल तर तो दोष. ‘गृहीत धरलेल्या’ हा शब्द आपल्या कामाचा आहे.

म्हणजे जी खोट कारखान्यातूनच वस्तूच्या पोटात आली, आणि जी दिसायला तेरा-चौदा महिने लागले, तिच्याबद्दल मुदत संपल्यावरही दाद मागता येते. पण, आणि हा ‘पण’ मोठा आहे, ती खोट मुळातली होती हे दाखवून देण्याचे ओझे आपल्यावर येते. वारंटीच्या आत असताना फक्त ‘बंद पडले’ म्हटले की पुरते. वारंटीनंतर ‘का बंद पडले’ हेही सांगावे लागते. तज्ज्ञाचा कागद नाही म्हणून तक्रार फेटाळली गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. आयोगाला वाटले तर तो वस्तूची तपासणी मान्य प्रयोगशाळेकडून करवून घेऊ शकतो. त्याचा खर्च तक्रार करणाऱ्याला भरावा लागू शकतो.

आणि जी वस्तू आठ-दहा वर्षे राबली आणि झिजून बंद पडली, तिच्याबद्दल कोणता कायदा काही करणार नाही. कमी-जास्त व्होल्टेजने जळलेली मोटर, विहिरीच्या क्षाराने खाल्लेला कूलरचा पत्रा, उंदराने कुरतडलेली वायर, यांचा दोष कंपनीच्या माथी मारू नये. आपल्याकडे व्होल्टेजचा खेळ कसा चालतो ते सर्वांना माहीत आहे, आणि कंपन्यांनाही माहीत आहे. म्हणूनच ती सूट त्यांनी कार्डात आधीच छापून ठेवलेली असते. फ्रीजला स्टॅबिलायझर लावला असेल तर त्याचेही बिल जपून ठेवावे, ते तुमच्या बाजूने बोलते.

आणखी एक प्रकार आहे, आणि माझ्या मते खेड्यापाड्यांत सर्वांत जास्त फसवणूक याच प्रकारात होते. वस्तू वारंटीत असतानाच कुरकुर सुरू करते. आपण सांगतो, माणूस येतो, काहीतरी फिरवतो, “आता चालन जी” म्हणतो आणि जातो. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. असे करता करता मुदत संपते, आणि मग वस्तू कायमची बसते. त्या वेळी कंपनी म्हणते, वारंटी नाही. वास्तविक तक्रार वारंटीतलीच असते. ती मुदतीत धड निस्तरली नाही एवढेच. आयोगापुढे अशा तक्रारीला बळ असते, पण मुदतीत तक्रार केली होती हे कागदावर हवे. आमच्या या सुनेकडेही पहिल्या वर्षात तीनदा माणूस येऊन गेला होता. तीनदाही कागद नाही. तिला वाटले, घरी आलेल्या माणसाला पाणी-चहा द्यायचा, कागद कसा मागायचा?

मागायचा. चहा द्यावा आणि कागदही मागावा. आलेला माणूस कोणत्या तारखेला आला, काय बिघडले होते, काय केले, हे त्याच्या कामाच्या चिठ्ठीवर लिहून घ्यावे व त्याची सही घ्यावी. हल्ली फोनवर तक्रार नोंदवली की एक नंबर येतो, तो पुसून टाकू नये. वहीत उतरवून ठेवावा. त्या नंबराइतका भक्कम साक्षीदार दुसरा नाही.

बिलाचेही तसेच. दुकानात विचारतात, पक्के बिल हवे की कच्चे? कच्च्यात टॅक्स वाचतो. आपण शेतकरी माणसे, वाचलेला पैसा दिसतो आणि पुढचा दिसत नाही. पण कच्च्या चिठ्ठीवर ना दुकानाचा नंबर, ना वस्तूचा नंबर. उद्या तोच दुकानदार म्हणेल, हा माल माझ्याकडचा नाहीच. बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. तसेच सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही सुद्धा. “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” अशी पाटी टांगली म्हणून हे बदलत नाही. आणि एक बारीकशी गोष्ट: यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरच्या बिलाची अक्षरे उन्हाळ्यात, ट्रंकेच्या उबेत उडून जातात. वर्षभराने कोरा कागद हाती येतो. आणल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढावी.

बंद वस्तू घाईने गावातल्या मेकॅनिककडून खोलून घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. उन्हाळ्यात जीव कासावीस होतो हे खरे, पण सील तुटले की कंपनीला सबब मिळते. आधी कंपनीच्या माणसाला बोलवावे, तो नाही म्हणाला तर त्याचे ‘नाही’ लिहून घ्यावे, आणि मग हवे त्याच्याकडे जावे. काढलेला जुना भाग मेकॅनिकला देऊन टाकू नये. तो पुरावा आहे. पैसे देऊन करवलेली दुरुस्ती वाईट झाली, तर ती सेवा वेगळी आणि तिची तक्रारही वेगळी. तिथे मूळ वारंटीचा संबंध नाही.

सुनेची खरी अडचण मात्र निराळीच होती. तिने हळूच विचारले, “बिल तर बाबांच्या नावावर आहे, आणि दुकान यवतमाळचं. मी कशी तक्रार करू?”

आंदणाच्या प्रत्येक वस्तूच्या बाबतीत हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. वस्तू विकत घेणारा तर ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीने ती वापरणाराही ग्राहकच आहे. बापाने लेकीला दिलेला फ्रीज लेक बापाच्या संमतीनेच वापरते. तेव्हा ती स्वतःच्या नावाने तक्रार करू शकते. आणि २०१९ च्या कायद्याने दुसरी सोय अशी केली की तक्रार करणारा जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. यवतमाळला किंवा कंपनीच्या मुंबई-दिल्लीच्या कचेरीला खेटे घालायला नकोत. वर्ध्याचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग चालतो. घरगुती पिठाची गिरणी किंवा शिलाई यंत्र घेऊन कोणी बाई त्यावर स्वतः राबून पोट भरत असेल, तर तिलाही ‘तू व्यापारी’ म्हणून परत पाठवता येत नाही. शेतकऱ्यालाही नाही. सदोष बियाण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली शेतकरी हा ग्राहक आहे असे सांगितलेच आहे.

पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला आयोगाची फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवे. उशीर झाला तर त्याचे सबळ कारण द्यावे लागते. कारण नेमके केव्हा घडले यावरच पुष्कळदा वाद होतो, म्हणून वस्तू बंद पडली त्याच आठवड्यात लेखी कळवावे. तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवते. सात हजारांसाठी किती तारखा करायच्या याचा विचार प्रत्येकीने आपल्या घरची कामे पाहून करावा. म्हणून आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येते. हे काही कोर्ट नव्हे, ते कंपनीला तक्रार पोचवून उत्तर मागवतात. पण पुष्कळ गाठी तिथेच सुटतात.

मागणीसुद्धा बेताची असावी. भाग बदलून देण्याची हमी असताना अख्खी नवी वस्तू मागू नये. मारुती गाडीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हेच म्हटले: कंपनीने सदोष भाग बदलून देण्याचा शब्द दिला असेल तर सारी गाडी बदलून मागता येत नाही. जिथे वस्तूने माणसाला इजा केली, कुकर फुटला, गिझरचा शॉक बसला, तिथे मात्र हिशेब पूर्ण निराळा. सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची भरपाई उत्पादकाकडे मागता येते, आणि तिथे वारंटीचे कार्ड आडवे येत नाही.

हे सारे सुनेला सांगत असताना मामाजी ओसरीवरून आत आले आणि म्हणाले, “पयलेच्या वस्तू अशा नव्हत्या.” म्हाताऱ्या माणसांचे हे नेहमीचे बोलणे, पण त्यात तथ्य आहे. १९२४ साली युरोप-अमेरिकेतल्या बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवले होते की बल्ब हजार तासांहून जास्त टिकता कामा नये. ज्याचा जास्त टिकेल त्याला दंड. टिकाऊपणाला दंड!

आणि आपल्या वर्ध्याशी नाते असलेली गोष्ट याच्या अगदी उलटी आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. गांधीजींच्या मनातला तो चरखा कसा असावा याच्या अटी घातल्या होत्या. झोपडीत चालावा, बाईला आठ तास फार न दमता चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी. आणि एक अट अशी, की वेळच्या वेळी देखभाल केली तर तो वीस वर्षे न थांबता चालला पाहिजे, आणि कोणत्याही वर्षी दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. दीडशे रुपयांवर पाच टक्के म्हणजे साडेसात रुपये. बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही. अट कठीण होती. पण मगनवाडीच्या मगन संग्रहालयात, जे गांधीजींच्या हस्ते १९३८ साली उघडले, तिथले चरखे पाहताना मला दरवेळी ती अट आठवते. त्याच मापाने पंधरा हजारांच्या फ्रीजला वर्षाला साडेसातशेच्या वर दुरुस्ती लागता कामा नये. इथे चौदाव्या महिन्यात सात हजार!

कंपन्या सुटे भाग ठेवत नाहीत, बाहेरच्या मेकॅनिकला माहिती देत नाहीत, आणि मग नवीनच घ्या म्हणतात, ही तक्रार आता सरकारपर्यंत पोचली आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्कासाठी’ समिती नेमली आणि शेतीची अवजारे, घरगुती उपकरणे, मोबाइल व वाहने असे चार विषय घेतले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे संकेतस्थळ सुरू झाले. युरोपात विकणाऱ्याला किमान दोन वर्षांची जबाबदारी कायद्यानेच घ्यावी लागते. आपल्याकडे असे वर्ष कायद्याने बांधून दिलेले नाही; ते व्हायला हवे असे माझे मत आहे.

त्या संध्याकाळी आम्ही चुलीपाशी बसून पत्र लिहिले. वाचक भगिनींना उपयोगी पडेल म्हणून मजकूर देते. “माझ्या वडिलांनी अमुक तारखेला अमुक नंबरच्या बिलाने आपल्या दुकानातून फ्रीज घेतला. तो त्यांच्या संमतीने मी वापरते. पहिल्या वर्षातच तो तीन वेळा नीट थंड होत नव्हता, त्या वेळी आपला माणूस येऊन गेला. अमुक तारखेपासून तो बंद आहे. कॉम्प्रेसरला आपल्या कार्डात दहा वर्षांची हमी आहे. तरी पंधरा दिवसांत तपासून तो बदलून द्यावा. तसे न केल्यास मला वर्धा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.” एक प्रत दुकानदाराला, एक कंपनीला, दोन्ही स्पीड पोस्टाने, पोच जपून. दुसऱ्या दिवशी सुनेने स्वतः १९१५ ला फोन लावला. पहिल्यांदा लाइन लागली नाही, तिसऱ्यांदा लागली.

बाराव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. कॉम्प्रेसर फुकट बसवला; गॅस आणि मजुरीचे पैसे घेतले, त्याचे बिल मात्र दिले. ते तिने मागून घेतले. तारीख, काय केले, सही, सगळे. इन्शुलिनची बाटली त्याच रात्री घरी आली.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा मामाजींनी मला अंगणात नेऊन आठ वर्षांचा जुना कूलर दाखवला. पत्रा चाळणी झालेला, मोटर जळलेली. “याचंबी पत्र लिवून देता का?” त्यांनी विचारले. मी म्हटले, मामाजी, याला पत्र नाही चालायचे, याला रिवायंडिंगवालाच पाहिजे. ते हसले, आणि मोटर सोडवायला पाना शोधू लागले.